गाऱ्हाणं सापडेना: घरच्या मीडिया लायब्ररीची दुरुस्ती आणि तिचं मराठीकरण

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात सतरा माणसं असतात आणि टीव्ही एकच. दुपारची जेवणं आटपून सगळी माजघरात आडवी झाली. आबांनी रिमोट हातात घेऊन जुन्या जत्रेतला दशावतार लावला आणि पडद्यावर दोन ओळींचं इंग्रजी उमटलं. "अरे, ह्या काय झाला?" एवढंच ते म्हणाले. मी ओळी वाचल्या. या टीव्हीला ही फाइल वाचता येत नाही आणि सर्व्हरकडूनही त्याला चालेल अशा रूपात ती येत नाही, असा त्यांचा अर्थ. म्हणजे डिस्क ठीक, वायफाय ठीक, दोष फाइलच्या बांधणीत. अर्धं निदान त्या वाक्यातच होतं, पण आबांच्या भाषेत नव्हतं.

तेव्हापासून मी दुरुस्ती आणि भाषांतर ही दोन कामं वेगळी धरत नाही. खाली जे लिहितोय ते जेलिफिन या ॲपबद्दल आहे. लायब्ररी सांभाळणारं दुसरं ॲप वापरत असाल तरी बराचसा भाग लागू पडेल, बटणांची नावं तेवढी बदलतील.

जेलिफिन हा मुक्त आणि फुकट सर्व्हर आहे. एम्बी या ॲपने आपला कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या जुन्या खुल्या कोडातून हा फुटवा निघाला. घरातल्या एका संगणकावर तो बसवायचा, चित्रपट-गाणी-फोटोंचे फोल्डर त्याला दाखवायचे, मग टीव्ही, फोन, टॅब कुठूनही बघायचं. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी सर्व्हर म्हणजे एक जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि बाजूला २ टेराबाइटची डिस्क. लॅपटॉपच का, तर आमच्याकडे पावसाळ्यात वीज विचारून जात नाही, आणि लॅपटॉपमध्ये थकलेली का होईना बॅटरी असते. एक सेटिंग मात्र आठवणीने करा. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. सिस्टिमडीच्या लॉगइनडी या सेटिंग-फाइलमध्ये झाकणाच्या कळीपुढे 'इग्नोर' लिहिलं की तो मिटलेल्या झाकणानिशी जागा राहतो. हे न केल्यामुळे माझे पहिले दोन दिवस राउटरला शिव्या देण्यात गेले.

आधी दोष कुठल्या घाटीत अडकलाय ते बघा

व्हिडिओ डिस्कवरून सर्व्हरकडे, सर्व्हरवरून वायफायवर आणि तिथून टीव्हीत जातो. अडथळा या वाटेवर कुठेही असू शकतो, म्हणून मी नेहमी उगमापासून सुरुवात करतो.

पहिल्यांदा सर्व्हरच्याच संगणकावर ती फाइल व्हीएलसीसारख्या साध्या प्लेयरमध्ये उघडा. तिथेच अडखळली तर फाइल किंवा डिस्क बिघडली आहे, पुढचं काही तपासू नका. चालली, तर त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) आणि पोर्ट (त्याच्या दाराचा क्रमांक) ८०९६ हा पत्ता उघडा. पान आलं नाही तर सर्व्हरच बंद आहे. पान आलं, तर घरच्या वायफायवरच्या फोनवरून सर्व्हरचा आयपी पत्ता आणि तेच पोर्ट टाका. इथे अडलं तर घोळ नेटवर्कचा, किंवा संगणकाच्या फायरवॉलने ८०९६ अडवलंय. फोनवर सगळं चालतं आणि फक्त टीव्हीवर चालत नाही, तर टीव्हीच्या ॲपकडे वळा. चार पायऱ्यांना पाच मिनिटं लागतात. आमच्याकडचे बहुतेक मदतीचे फोन "जेलिफिन चालत नाही" असे येतात, आणि या पाच मिनिटांत त्यांचं "फोन मोबाइल डेटावर होता" असं काहीतरी होतं.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, वाचायचा. जेलिफिनच्या डॅशबोर्डमध्ये, म्हणजे प्रशासकाच्या सेटिंगच्या पानावर, 'लॉग्ज' आहे. आजच्या तारखेची फाइल उघडा आणि चौकोनी कंसात ईआरआर किंवा डब्ल्यूआरएन लिहिलेल्या ओळी तेवढ्या बघा. पहिलं म्हणजे चूक, दुसरं म्हणजे इशारा. शेवटची चूक डोळ्यांत भरते, पण बहुतेकदा ती आधीच्या चुकीचं पिल्लू असतं. म्हणून बिघाड सुरू झाला त्या वेळेची पहिली चूक शोधा.

फोल्डर दाखवला, तरी लायब्ररी रिकामी

सगळ्यात जास्त भेटणारा दोष हा. तुम्ही फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडता, सगळं दिसतं. जेलिफिनला तोच फोल्डर देता आणि लायब्ररीत शून्य. कारण असं की लिनक्सवर जेलिफिन तुमच्या नावाने चालत नाही. बसवताना 'जेलिफिन' याच नावाचा एक वेगळा वापरकर्ता तयार होतो आणि सर्व्हर त्याच्या हक्काने चालतो. बाहेरची डिस्क लावली की लिनक्स ती मीडिया नावाच्या फोल्डरात, तुमच्या वापरकर्तानावाखाली जोडतं, आणि त्या खोलीची किल्ली फक्त तुम्हाला देतं. शेजारी ओटीवर आलाय, पण माजघराचं दार बंद, अशी ही गत.

खात्री अशी करा. टर्मिनलमध्ये सूडोला (दुसऱ्याच्या हक्काने काम करवणारी आज्ञा) 'यू' हा पर्याय देऊन जेलिफिन या वापरकर्त्याच्या नावाने एलएस (फोल्डरातली यादी दाखवणारी आज्ञा) चालवा आणि पुढे तुमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. परवानगी नाकारल्याचं उत्तर आलं की रोग सापडला. बाकी सगळे अंदाज आता सोडून द्या.

मग डिस्कला कायमची जागा द्यायची. एमएनटी किंवा एसआरव्ही या फोल्डरात 'भांडार' अशा अर्थाचा, रोमन नावाचा एक उपफोल्डर करा. एलएसबीएलके या आज्ञेला एफ पर्याय देऊन डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिची ओळखखूण, मिळवा. ती एफएसटॅब या, कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये लिहून त्या उपफोल्डरशी जोडा. पर्यायांत 'नोफेल' हवाच. तो नसेल आणि डिस्क एखाद्या दिवशी लावलेली नसेल, तर संगणक सुरू होतानाच अडून बसू शकतो. डिस्कची मांडणी (फाइल सिस्टिम) एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर परवानग्या नंतर फाइलवर बदलून भागत नाही, त्या जोडतानाच यूआयडी, जीआयडी आणि यूमास्क (मालक, गट आणि मुभा) लिहून द्याव्या लागतात. ईएक्सटी४ असेल तर नेहमीच्या रीतीने बदलता येतात. लक्षात ठेवायचं ते एवढंच की आतल्या फोल्डरला परवानगी देऊन पुरत नाही, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जायची मुभा लागते.

हे झालं की डॅशबोर्डमध्ये लायब्ररीचा पत्ता बदला आणि 'स्कॅन ऑल लायब्ररीज' दाबा. नवी फाइल आपोआप दिसावी म्हणून लायब्ररीच्या सेटिंगमध्ये रिअल-टाइम मॉनिटरिंगची खूण असते. नेटवर्कवरच्या डिस्कवर ती भरवशाची नाही, तिथे दिवसातून एकदाचं ठरलेलं स्कॅन बरं.

नावं: इथे थोडं थांबू

जेलिफिन फाइलच्या नावावरून ती काय आहे ते ओळखतं आणि मग चित्रपटांच्या माहितीकोशांत शोधतं. चित्रपटाला स्वतःचा फोल्डर, फोल्डरला चित्रपटाचं नाव आणि साध्या कंसात वर्ष, फाइलला तेच नाव. मालिकेच्या भागाला रोमन एस अक्षर, पर्वाचा दोन आकडी क्रमांक, मग ई आणि भागाचा क्रमांक, मध्ये जागा न सोडता. वर्ष आणि क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी आकड्यांवरून ॲप वर्ष किंवा भाग ओळखेल या भरवशावर राहू नका.

मग नावं मराठीत ठेवायचीच नाहीत का? माझं मत असं: डिस्कवरचं नाव रोमन आणि आखूड, पडद्यावरचं नाव देवनागरी आणि हवं तेवढं लांब. डिस्कवरचं नाव यंत्रासाठी असतं. पडद्यावरचं नाव 'एडिट मेटाडेटा' (मेटाडेटा म्हणजे त्या नोंदीची माहिती) उघडून मराठीत भरा आणि तिथेच खाली ती नोंद कुलूपबंद करायची खूण करा, म्हणजे पुढच्या रिफ्रेशमध्ये तुमची मेहनत पुसली जाणार नाही. 'सॉर्ट टायटल' रकान्यात क्रम लावण्यासाठी वेगळं नाव देता येतं, तेही वापरा. 'श्री' ने सुरू होणारी नाटकं आमच्याकडे एवढी आहेत की तो रकाना नसता तर निम्मी यादी एका अक्षराखाली गेली असती.

या मतामागे खाल्लेल्या तीन ठेचा आहेत.

पहिली, लांबीची. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा मोठं चालत नाही. रोमन अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात तीन. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'श्री' हे एक अक्षर वाटतं, पण त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजच्या एनटीएफएसवर मोजणी वेगळी असते, तिथे मराठीची २०० चिन्हंही बसतात. म्हणून मुंबईहून आलेल्या पेन ड्राइव्हवरच्या 'अमुक नाट्यमंडळ, तमुक गावची जत्रा, आख्यान अमुक, पूर्ण प्रयोग' अशा नावाच्या फाइली लिनक्सवर कॉपीच होत नाहीत. कॉपी थांबते आणि माणूस डिस्क खराब झाली म्हणून घाबरतो.

दुसरी ठेच 'ऱ' ची. आमच्याकडे देवापुढच्या गाऱ्हाण्यांची रेकॉर्डिंगं आहेत. एक दिवस डिस्कवर 'गाऱ्हाणी' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले, नाव हुबेहूब तेच. एकात तीन फाइली, दुसऱ्यात अकरा, आणि मला हवं असलेलं गाऱ्हाणं कायम चुकीच्या फोल्डरात शोधलं जाई. कारण 'ऱ्ह' टाइप करायचे एकाहून अधिक मार्ग आहेत. 'ऱ' साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे. तेच 'र' खाली नुक्ता देऊनही बनतं, आणि जुन्या मॅकवरून आलेल्या नावांत असं सुटं रूप सापडतं. काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि न दिसणारा एक जोडक टाकून तसंच चित्र उमटवतात. डोळ्याला तिन्ही एक, यंत्राला तिन्ही वेगळे शब्द. वाऱ्यावर, दर्याच्या काठावर राहणाऱ्या माणसांच्या यादीत हा 'ऱ' किती वेळा येतो ते मोजून बघा.

तिसरी तिचीच बहीण. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची मंडळी 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवत आणि अजून बरेच कीबोर्ड तेच करतात. 'ऑ' हे अक्षर तर आधीपासून आहे, तरी तेही काही जण 'आ' वर चंद्र ठेवून लिहितात. परिणामी टॅगच्या यादीत एकच टॅग दोनदा दिसतो. उपाय साधा आहे: घरात एकच जण टॅग भरेल, एकाच कीबोर्डवरून, आणि जुना टॅग हाताने पुन्हा न लिहिता आधीच्या नोंदीतून कॉपी करेल.

दशावतार कुठल्या खणात?

चित्रपट ओळखून आणणारे माहितीकोश आपल्या गावची जत्रा ओळखणार नाहीत. उलट कुठल्या तरी परभाषेतल्या सिनेमाचं पोस्टर त्यावर चिकटेल. आमच्या शिमग्याच्या पालखीवर असं एक पोस्टर महिनाभर होतं, आणि चूक माझीच, कारण मी ती चित्रपटांच्या लायब्ररीत टाकली होती. चुकीचं पोस्टर एखाद्याच नोंदीवर असेल तर तीन ठिपक्यांतून 'आयडेंटिफाय' घेऊन योग्य नाव निवडा. पण अख्खा संग्रहच गावचा असेल तर वेगळी वाट धरा.

नवी लायब्ररी करा, प्रकार 'मूव्हीज' ठेवा, पण खालच्या मेटाडेटा डाउनलोडर आणि इमेज फेचर या दोन्ही याद्यांतल्या सगळ्या खुणा काढा. मेटाडेटा सेव्हरमध्ये एनएफओची खूण करा. यामुळे प्रत्येक नाटकाला पोस्टर, सारांश, कलाकार, टॅग हे सगळं मिळतं, बाहेरून काहीही येत नाही, आणि तुम्ही भरलेली माहिती फाइलच्या शेजारी एका छोट्या एनएफओ फाइलमध्ये जपली जाते. उद्या सर्व्हर नव्याने बसवावा लागला तरी ती टिकते. 'होम व्हिडिओज' हा प्रकारही आहे, लग्न-मुंजीच्या क्लिपांना तो पुरतो, पण नाटकाला मला तो तोकडा वाटला. पोस्टर म्हणून प्रयोगातलीच एक चौकट कापून 'पोस्टर' या रोमन नावाने फोल्डरात ठेवा.

टॅग आपल्या लोकांच्या तोंडचे असू द्या. मी दशावतार, नमन, जाखडी, डबलबारी, पालखी, गाऱ्हाणं असे ठेवले. दशावतारात पुन्हा आडदशावतार आणि आख्यान असे दोन टॅग. पहाटे आख्यान रंगात येतं तेव्हा गणपती-संकासुराचा पूर्वरंग कधीच संपलेला असतो, आणि आबांना नेमका संकासुरच बघायचा असतो. नाटक दोन व्हीसीडींवर असेल तर फाइलच्या नावाशेवटी आडवी रेघ, रोमन सीडी आणि १, दुसरीला २. ॲप दोन्ही भाग सलग चालवतं.

चालू होतं पण नीट चालत नाही

व्हीसीडीवरची फाइल डॅट असते आणि ॲप ती यादीत घेत नाही. आत साधा एमपीईजी-१ व्हिडिओ असतो, आपल्याकडच्या पद्धतीत ३५२ गुणिले २८८ चा. एफएफएमपेग हे व्हिडिओ-रूपांतराचं साधन वापरून नवं एन्कोडिंग न करता, नुसतं वेष्टन बदलून एमपीजी किंवा एमकेव्ही करा. दर्जा घटत नाही, दोन मिनिटांत होतं. एन्कोड करून 'सुधारायच्या' नादी लागू नका, त्या व्हिडिओत सुधारण्यासारखं काही उरलेलं नसतं.

जुन्या हँडीकॅमच्या टेपवरून उतरवलेल्या चित्रात युद्धाच्या प्रसंगी तलवारीला कंगव्याचे दात फुटलेले दिसतात. ते इंटरलेसिंग. चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. अशा फाइली हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या ॲपमध्ये डीइंटरलेसचा पर्याय लावून एकदाच एच.२६४ या व्हिडिओ-प्रकारात रूपांतरित करून ठेवा.

आता चतुर्थीच्या त्या दुपारचा दोष. चाकरमान्यांच्या नव्या फोनमधले व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये असतात, आणि एका भाच्याने हौसेने आमचं जुनं नाटकही त्याच प्रकारात 'लहान' करून ठेवलं होतं. टीव्हीला ते झेपलं नाही. मग सर्व्हरने चालता चालता रूपांतर करायचं असतं, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. माझ्या खात्याला ते मी स्वतःच बंद करून ठेवलं होतं, कारण जुना लॅपटॉप त्यात तापून पंख्यासकट ओरडतो. इंटेलच्या साधारण सातव्या पिढीपासूनचे प्रोसेसर १० बिटचं एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडतात. तुमच्याकडे तसा असेल तर डॅशबोर्डच्या प्लेबॅक भागात हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू करा. नसेल तर माझ्यासारखं करा: जे नेहमी बघितलं जातं ते रात्री एच.२६४ करून ठेवा. मग सतरा माणसं आली तरी सर्व्हरला फक्त फाइल उचलून द्यायची असते.

सबटायटलची फाइल व्हिडिओच्याच नावाची, पुढे डॉट, रोमन एमआर, डॉट, एसआरटी. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा म्हणून येते. ती आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी लागते. आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर प्लेबॅकमध्येच फॉलबॅक फॉन्टचा पर्याय आहे. तिथे नोटो सान्स देवनागरीचा फोल्डर द्या.

वीज, दमट हवा आणि मुंबईची मंडळी

वीज गेली-आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि सर्व्हरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. टीव्ही जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा, विषय संपला.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. लॅपटॉपची बॅटरी अर्थातच पहिल्याच रात्री संपली आणि तो लिहिता लिहिता बंद पडला. जेलिफिनची सगळी नोंदवही एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये असते, आणि ती अशा वेळी फाटू शकते. लॉगमध्ये डेटाबेसचं चित्र विस्कटल्याचं वाक्य दिसलं तर दुरुस्तीच्या खटपटीपेक्षा जुनी प्रत परत ठेवणं सोपं. त्यासाठी महिन्यातून एकदा सेवा थांबवून व्हीएआर-लिब आणि ईटीसी या दोन ठिकाणचे जेलिफिन नावाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. सेवा चालू असताना घेतलेली प्रत कामाची असेलच असं नाही. जून ते सप्टेंबर ती दुसरी डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आमच्या घरी तो डबा आणि पापडांचा डबा एकाच फळीवर आहेत आणि दोन्हींचं रक्षण आई करते.

मुंबईहून बघायचं असेल तर पोर्ट उघडण्याच्या फंदात पडण्याआधी राउटरवरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुमचं कनेक्शन एका सामाईक पत्त्यामागे आहे आणि पोर्ट उघडून काही होणार नाही. टेलस्केलसारखं खासगी जाळं दोन्ही टोकांना बसवा. तसंही सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवण्यापेक्षा हेच सुरक्षित.

आता भाषांतर

आधी दोन सेटिंगं. प्रत्येकाच्या खात्यात 'डिस्प्ले' मध्ये भाषा निवडता येते, तिथे मराठी आहे. सर्व्हरचे स्वतःचे संदेश डॅशबोर्डच्या 'जनरल' मधल्या भाषेत येतात. दोन्ही मराठी केलं तरी मध्येमध्ये इंग्रजी दिसेल. ते भाग अजून कोणी मराठीत आणलेले नाहीत, आणि ते काम आपणच करायचं आहे.

जेलिफिनचं भाषांतर वेबलेट या प्रणालीवर चालतं, पत्ता ट्रान्सलेट डॉट जेलिफिन डॉट ओआरजी. खातं काढा. आत सर्व्हर, वेब, अँड्रॉइड, अँड्रॉइड टीव्ही असे प्रकल्प वेगवेगळे आहेत. आपल्याला जिथे इंग्रजी खटकलं तो प्रकल्प घ्या, भाषा मराठी निवडा, आणि अनुवाद न झालेल्या ओळींची गाळणी लावा. सगळं करायचं मनात आणू नका. माझा क्रम असा: आधी चूक दाखवणारे संदेश, मग काहीतरी पुसणारी बटणं, मग रोजचे मेनू. प्रशासकाच्या कोपऱ्यातली सेटिंगं शेवटी, कारण ती उघडणारा माणूस इंग्रजी वाचून मोकळा होतो.

प्रत्येक ओळीला एक किल्ली असते आणि वेबलेटवर ती दिसते. तिच्याकडे बघायची सवय लावा. किल्ली 'बटन' ने सुरू होत असेल तर ती कळ आहे: 'जतन करा', 'लावा', तुम्हीकारी आज्ञार्थ. 'हेडर' असेल तर नाम हवं, 'लेबल' असेल तर रकान्याचं नाव, 'मेसेज' असेल तर पूर्ण वाक्य. 'कास्ट' म्हणजे कलाकार की टीव्हीवर पाठवणं, हे किल्लीवरूनच कळतं. 'सीझन' ला ऋतू लिहिलंत तर आई विचारेल, यात पावसाळा कुठला? मराठी मालिकांमुळे 'पर्व' सगळ्यांना ठाऊक आहे, तेच घ्या. 'लायब्ररी' ला ग्रंथालय नको, लायब्ररीच राहू दे. 'शफल' ला मी 'पिसून लावा' सुचवलं. पत्ते खेळणाऱ्या घरात याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. पण ती माझी हौस आहे, हट्ट नाही.

खरी मेख आहे महिरपी कंसातल्या आकड्यांत. अमका तमक्या टीव्हीवर अमुक लावतोय, अशा संदेशात माणूस, व्हिडिओ आणि उपकरण यांच्या जागी महिरपी कंसात शून्य, एक, दोन असतं. ॲप तिथे खरी नावं भरतं. हे आकडे आणि कंस जसेच्या तसे ठेवा, देवनागरी शून्य टाकलंत तर ॲपला ते ओळखू येणार नाही. जागा मात्र खुशाल बदला, आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं.

त्या नावांना विभक्ती जोडायची म्हटलं की मराठी अडते. 'आबा' ला थेट 'ने' चिकटवलं की 'आबाने' होतं, आणि आबांच्या पडद्यावर ते उमटलं तर माझी धडगत नाही. आपण नावाचं सामान्यरूप करतो, यंत्र करत नाही. सुटका 'यांनी, यांना, यांचा' या शब्दांत आहे. शून्याच्या जागेपुढे जागा सोडून 'यांनी' लिहा: 'आबा यांनी', 'मंगल यांनी', 'पाहुणे यांनी', सगळीकडे चालतं, आदरही राहतो. उपकरणाला 'या उपकरणावर'. क्रियापदाचं लिंग टाळण्यासाठी 'लावतो आहे' ऐवजी 'यांनी सुरू केले' अशी कर्मणी रचना घ्या. नाहीतर ॲप आईला 'लावतो' म्हणेल.

पुसण्याच्या संदेशावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. जेलिफिनमध्ये एखादी नोंद 'डिलीट' केली तर ती यादीतून जाते आणि डिस्कवरची मूळ फाइलही जाते. इंग्रजी संदेशात हे स्पष्ट आहे. मराठीत नुसतं 'हटवायचे का?' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, यादीतून हटेल, फाइल राहील. माझं वाक्य असं: 'हे लायब्ररीतून जाईल आणि डिस्कवरची फाइलही कायमची पुसली जाईल. पुसायचे का?' आणि भाषांतरावर विसंबू नका, डॅशबोर्डमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची पुसण्याची परवानगी काढून ठेवा. ती आमच्याकडे फक्त माझ्या खात्याला आहे.

पाठवलेलं भाषांतर तुमच्या टीव्हीवर लगेच येत नाही, ॲपच्या पुढच्या आवृत्तीसोबत येतं. वेबची आवृत्ती बदलूनही जुनंच दिसलं तर ब्राउझरची साठवण पुसा. आणि अँड्रॉइड टीव्हीच्या ॲपमध्ये भाषा निवडायची सोय शोधू नका, ते टीव्हीची स्वतःची भाषा घेतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मराठी करा, म्हणजे त्यात जेवढं झालंय तेवढं दिसेल.

यंदा मी आधीच लॅपटॉपवर संदेश उघडून आबांना दाखवला. पुसण्याचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, मान डोलावली, आणि खालच्या 'रद्द करा' या कळीवर बोट ठेवलं. "काय रद्द? फाइल रद्द?" मला उत्तर देता येईना. पुसण्याच्या प्रश्नाखाली 'रद्द करा' म्हणजे पुसणं रद्द की फाइल रद्द, हे खरंच कळत नाही. एसटी रद्द झाली म्हणजे ती सुटत नाही, तशी फाइलही सुटायची नाही असं त्यांना वाटलं. "थंय 'नको' लिव," ते म्हणाले. ती कळ ॲपभर एकच आहे, म्हणून मी जिथे जिथे ती येते तिथे जाऊन बघितलं. 'नको' सगळीकडे बसतं. सूचना वेबलेटवर टाकली आहे.